मुकी नळी आणि डावीकडचा नट

अप्पा,

तुम्ही आयुष्यभर गाड्यांना गप्प केलंत आणि मी पोटापाण्यासाठी त्यांना ओरडायला लावतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही सारखं चष्म्यावरून माझ्याकडे बघणार नाही. शारजात एका शेडमध्ये कामाला आहे मी. सहा वर्षं झाली. इतकी वर्षं मी एका जागी टिकलो हे आईला अजून खरं वाटत नाही, दर फोनला विचारते, "तिथेच आहेस ना?" तिचंही बरोबर आहे. तुम्ही गेल्यावर मी चाकणच्या कारखान्यात चार महिने काढले, मग घरोघरी जेवणाचे डबे पोचवले, मग एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागलो. तिथे पाचव्या आठवड्यात शिकायला आलेल्या बाईच मला म्हणाल्या, "अहो, जरा हळू." नववीत दोनदा बसलेल्या माणसाने शिकवायला जाऊ नये हे तेव्हा कळलं. इथे मात्र जमलं. इथे दोन सीटच्या, दोन दारांच्या, जमिनीला पोट घासत चालणाऱ्या गाड्या येतात. गाडीचा मालक कंपनीने बसवलेला कोरा, शांत, चांगला सायलेन्सर काढायला सांगतो आणि त्या जागी बोंब मारणारा बसवून घेतो. काढलेल्या चांगल्या सायलेन्सरांचा आमच्या शेडमागे ढीग आहे. तुम्ही तो बघितला असतात तर तिथेच उकिडवे बसला असतात आणि एकेक उचलून, पुसून, ओळीने लावला असतात.

तुमची नाना पेठेतली ती गल्लीतली टपरीवजा जागा, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. टेम्पो, रिक्षा, स्कूटर, कुणाची जुनी मोटार. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तुम्ही मान न वर करता म्हणायचात, "आतली जाळी गेलीय," नाहीतर "सांध्यातून हवा खातोय." गिऱ्हाईक हैराण. एकदा एक जण म्हणाला, "अहो, बघा तरी आधी." तुम्ही म्हणालात, "बघून कळलं असतं तर तुम्हालाच कळलं असतं." तो निमूट बाकड्यावर बसला. मी शाळा बुडवून तिथे बसायचो आणि मला वाटायचं, काय हा धंदा, कुणाला ऐकूच जाऊ नये म्हणून दिवसभर राबायचं. एकदा तसं बोललोही. तुम्ही गॉगल कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "सायलेन्सर गाडीत बसलेल्यासाठी नसतो रे. गाडी पुढे गेल्यावर जो मागे राहतो, त्याच्यासाठी असतो." आणि परत ठिणग्या.

तुमच्या दोन गोष्टी मी इथे कितीदा सांगितल्या असतील. एक ती बशीची. काम झालं की समोरच्या हॉटेलातून चहा यायचा, तो तुम्ही प्यायच्या आधी बशीत ओतायचात आणि बशी गाडीच्या डिकीवर ठेवायचात. मला म्हणायचात, "दे हळूहळू." मी एक्सलेटर दाबत जायचो. एका ठरावीक जागी बशीतल्या चहावर गोल गोल कडी उमटायची, आणि त्याच जागी कानात, छातीत, दाढेत काहीतरी भरल्यासारखं व्हायचं. त्याला तुम्ही 'घूं' म्हणायचात. "घूं धरतेय," म्हणायचात. मोठा आवाज परवडला, तो येतो आणि जातो. पण घूं भिंतीत शिरते, असं तुमचं म्हणणं. त्यावर तुमचा इलाज म्हणजे मुकी नळी. पुढून आलेल्या पाइपाला बाजूने एक नळी जोडायची, जी कुठेच जात नाही, शेवटी बंद. आवाज तिच्यात शिरतो, तळाला आपटतो, परत येतो आणि मागून येणाऱ्या आवाजाला आडवा जातो. दोघं एकमेकांना गप्प करतात. मला काही कळेना तेव्हा तुम्ही सोपं करून सांगितलंत, "तुझी आई आणि तुझी आत्या एकाच वेळी बोलायला लागल्या की मला काय ऐकू येतं? काही नाही. तसं." पण नळी नेमकी किती लांब हवी, तेच सगळं. बोटभर चुकली की उपयोग शून्य. तर तुम्ही नळीचं उघडं तोंड बटाट्यावर दाबायचात, बरोबर मापाचं गोल बूच आत बसायचं, आणि गजाने ते बूच पुढेमागे सरकवत बशीकडे बघत राहायचात. चहावरची कडी जिथे विरली तिथे खडूची खूण, तिथे कापायचं, तिथे बंद करायचं.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बटाटे मोजून आणलेत मी!" तुम्ही म्हणायचात, "एकच नेला." संध्याकाळी तुम्ही कागदात गुंडाळून अर्धवट भाजलेला, रॉकेलसारखा वास येणारा बटाट्याचा तुकडा परत आणायचात आणि ओट्यावर ठेवायचात, म्हणजे हिशेब पुरा. आईने एकदा तो तुमच्याच ताटात वाढला. तुम्ही मीठ लावून खाल्लात. आई आठवडाभर हसत होती.

दुसरी गोष्ट पिवळ्या रंगाची. काम संपलं की प्रत्येक नटावर तुम्ही ब्रशने एक छोटी रेघ ओढायचात, अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. गर्द, हळदीसारखा पिवळा. नट कुणी फिरवला की रेघ तुटते. गिऱ्हाईक तावातावाने आलं की "तुमचं काम टिकलं नाही," तुम्ही वाकून बघायचात आणि म्हणायचात, "मधे कुणी उघडलंय. मी नाही, तुम्ही नाही, म्हणजे भूत असणार." विषय संपला.

आता माझ्या गाडीचं. मी सतरा संपवून अठरात गेलो तेव्हा मामाची जुनी मोटरसायकल मला मिळाली आणि तुम्ही तिच्यासाठी सायलेन्सर केलात. विकतचा नाही, स्वतः पत्रा वळवून, आत तीन कप्पे करून, आठ दिवस दुपारचं जेवण झाल्यावर थोडं थोडं करत. बसवलात, रेघा ओढल्यात, आणि म्हणालात, "चालू कर." आवाज असा, की कुणीतरी भरपूर जेवून खुर्चीत बसून हुंकार देतंय. तुम्ही इतके खूश दिसलात की मला लाज वाटली, कारण मला पोरांमध्ये त्या गाडीवरून जायचं होतं, आणि पोरांच्या गाड्या फाडफाड फुटायच्या. मी तुम्हाला "भारी आहे" म्हणालो आणि तिसऱ्या दिवशी स्वारगेटला एका मित्राच्या पंक्चरच्या दुकानात फटफट्या सायलेन्सर आणून ठेवला. सकाळी घरून तुमचा लावून निघायचं, स्वारगेटला तो काढायचा, फटफट्या चढवायचा, दिवसभर गाव डोक्यावर घ्यायचं, आणि घरी येताना परत तुमचा. अभ्यास तर सोडाच, मी आयुष्यात एवढी शिस्त कशालाच दाखवली नव्हती. रेघांचंही बघितलं होतं मी. मित्राच्या शेजारी पाट्या रंगवणारा होता, त्याच्याकडून पिवळा रंग घेतला आणि रोज संध्याकाळी तुटलेल्या रेघांवर नव्या रेघा ओढायचो. त्याचा पिवळा जरा लिंबासारखा होता. पण सकाळी काढताना बघावं तर एका नटावरची रेघ गर्द झालेली असायची. मला वाटायचं, हवा लागून रंग पिकतो.

खरंच वाटायचं, अप्पा. आंबा पिकतो तसा.

तुम्हाला दवाखान्यात ठेवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मला मित्राकडे फोन आला आणि बदलाबदलीला वेळच नव्हता. तसाच आलो, फाडफाड करत, दवाखान्याच्या दारापर्यंत. वॉचमन अंगावर धावून आला. वर आलो तर तुमची कॉट खिडकीशी. आई, आत्या, मामा उभे. तुम्ही डोळे मिटलेले. मी जवळ गेलो तर तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "डावीकडचा नट ढिला आहे. आवळ." आम्हाला तुम्ही केलेली ती शेवटची आज्ञा. मामा लगेच कॉटच्या खाली शिरले आणि डावीकडचा पाय तपासायला लागले. आत्या म्हणाली, तापात माणूस काहीही बोलतो. आईने नर्सला बोलावून सलाइनचा स्टँड घट्ट करून घेतला, नर्स म्हणाली, "हा उजवीकडचा आहे, ताई." मी काही केलं नाही. खाली जाऊन गाडी बघावी असं डोक्यातच आलं नाही. तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी स्वारगेटच्या चौकात, सिग्नल सुटता सुटता, तो फटफट्या डाव्या बाजूने सुटून रस्त्यावर आपटला आणि बसच्या चाकाखाली पोळी झाला. सगळा चौक हसला. मी गाडी थांबवलीच नाही. त्यानंतर ती गाडी मी विकून टाकली, आणि तुमचा सायलेन्सर तुमच्या टपरीच्या माळ्यावर टाकला. त्याला बारा वर्षं झाली.

आता डॉक्टरांचं सांगतो, कारण त्यासाठीच लिहायला बसलोय. कोथरूडचे ते दातांचे डॉक्टर, ज्यांच्या मोटारीच्या घूंवर तुम्ही दोनदा मुकी नळी बसवली होतीत, आठवतात? त्यांनी पन्नाशी उलटल्यावर स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, दुसऱ्याची, निळी. आईची दाढ काढताना त्यांनी आईलाच विचारलं, सायलेन्सरवाल्यांचा मुलगा कुठे असतो. आईचं तोंड उघडं, ती बोलणार कशी. तिने बाहेर आल्यावर कागदावर माझा नंबर लिहून दिला. मग त्यांचे फोन सुरू. त्यांना गाडीला बाहेरचा सायलेन्सर हवा होता, आणि माझी सुट्टी जवळ आली होती. मी इथे शेडमध्ये तीन प्रकार चालवून तीन आवाज फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवले. पहिला म्हणजे सरळ नळी, आत काहीच नाही, नुसती बोंब. दुसऱ्यात आत झडप असते. बटण दाबलं की झडप बंद, गाडी सभ्य. परत दाबलं की झडप उघडी, गाडी रानटी. तिसरा टायटॅनियमचा, वजनाला हलका, आवाजाला चिरका, पितळी डबा घासल्यासारखा. डॉक्टरांनी काय केलं असेल? ते तिन्ही आवाज त्यांनी दवाखान्यात पेशंटांना ऐकवले. खुर्चीत आडव्या पडलेल्या, तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांना. आवडेल त्या नंबराइतकी बोटं वर करायची. दोन दिवसांनी मला फोन, "पहिल्याला बहुमत आहे."

मी म्हणालो, "डॉक्टर, तोंडात सुई असताना माणूस लवकर सुटायचं बघतो. एक बोट वर करायला सगळ्यांत सोपं."

ते म्हणाले, "तुझे वडील असंच बोलायचे."

मी दुसरा निवडला. पोलिसांनी चौकात धरायला नको, सोसायटीत भांडण नको, आणि मोकळ्या रस्त्यावर डॉक्टरांची हौसही भागायला हवी. तिन्ही गोष्टी त्या एका झडपेत बसत होत्या. निवड करताना मला एकदाही शंका आली नाही. सहा वर्षांचा अनुभव, म्हटलं. सामानात तो सायलेन्सर गुंडाळून आणला. विमानतळावर साहेबांनी कपडे बाजूला करून विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, सायलेन्सर. ते म्हणाले, "शांत दिसतोय. जा."

घरी पोचलो तर आईने पाणी द्यायच्या आधी टपरीची चावी समोर ठेवली. जागेचे मालक म्हणत होते की बारा वर्षं कुलूप लावून ठेवलेल्या जागेचं काय ते एकदा ठरवा. आई म्हणाली, "तुझी सुट्टी संपायच्या आत सांग. उघडायची असेल तर ये आणि उघड. नाहीतर मी चावी देऊन टाकते. मला त्या गल्लीतून जाताना दरवेळी मान वळवावी लागते, ते आता पुरे." मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, "बघणार काय? तुझ्या वडिलांनी कधी बघितलं होतं का काही? ते ऐकायचे." प्रश्न तोच होता, अप्पा. नट फिरवायला, सांधे लावायला मला येतं. पण ती टपरी हातांवर चालत नव्हती, तुमच्या कानावर चालायची. तो कान माझ्याकडे आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि नसेल तर तुमच्या पाटीखाली बसून तुमचं नाव घालवायला मी परत यायचं कशाला? मी मनाशी ठरवलं, डॉक्टरांचं काम बरोबर झालं तर चावी ठेवायची. नाही झालं तर आईच्या हातात देऊन निमूट परत जायचं.

गाडीवर सायलेन्सर चढवला, बुधवार पेठेतून वायर आणि बटण आणून डॅशबोर्डाखाली बसवलं, डॉक्टरांना घेऊन चांदणी चौकाच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गेलो. काय सांगू! उघडी झडप, डॉक्टर स्टिअरिंगवर बसून लहान मुलासारखे ओरडतायत, बंद केली तर गाडी मांजरासारखी. मी मनात म्हटलं, जमलं. परत सोसायटीत आलो. झडप बंद, गाडी अगदी सभ्यपणे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये शिरली, आणि सगळं पार्किंग घूं करायला लागलं. वर छप्पर, तीन बाजूंना भिंती, खांब, ढोलात बसल्यासारखं. उघड्या वाळवंटात आवाज निवडायची सवय लागलेल्या माणसाने कोथरूडच्या पार्किंगचा विचारच केला नव्हता. बाहेरच्या रस्त्यावर जे कानाला लागत नव्हतं ते इथे चार मजले चढत होतं. सायकली थरथरल्या. कुणाच्या तरी स्कूटरचा अलार्म वाजला. आणि जिन्यातून सोसायटीचे सेक्रेटरी उतरले, पांढरा सदरा, हातात पाण्याचा ग्लास, आणि ग्लासात दातांची कवळी.

"डॉक्टर," ते म्हणाले, "ही आमच्या सौभाग्यवतींची कवळी. आपणच केलेली. आत्ता ग्लासात स्वतःहून चावत होती."

डॉक्टर म्हणाले, "अहो, झडप बंद आहे."

"आपली बंद असेल. आमच्या खिडक्यांच्या उघड्या झाल्या. आपण गाडी घेतली आहे की आवाज? आवाज घेतला असेल तर तो वर घरात घेऊन जा आणि गाडी इथे ठेवा. गाडीबद्दल कमिटीची तक्रार नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हे कोण? कारागीर?"

डॉक्टरांनी सांगितलं, सायलेन्सरवाल्यांचा मुलगा.

सेक्रेटरींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्या वडिलांनी आमची स्कूटर केली होती. अकरा वर्षं आमचीच आम्हाला ऐकू आली नाही." मग ग्लास उंच धरून म्हणाले, "उद्या सकाळी दहापर्यंत कवळी स्थिर पाहिजे. नाहीतर हा सायलेन्सर कमिटी जप्त करेल. कुठे ठेवायचा ते नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच टपरी उघडली. मुक्या नळीला नळी लागणार, जोडायला वेल्डिंगची मशीन लागणार, आणि हे सगळं तुमच्याकडे. कुलूप रॉकेल ओतल्यावर सुटलं. आत सगळं जिथल्या तिथे, वर बारा वर्षांची धूळ. बाकड्यावर तुमचा गॉगल. नळ्या माळ्यावर होत्या, म्हणून चढलो, आणि पहिल्यांदा हाताला लागला तो माझ्या गाडीचा तुमचा सायलेन्सर. क्लॅम्प आणि नट त्याच्याबरोबरच लटकत होते. सहज अंगठ्याने धूळ पुसली. उजवीकडच्या नटावर रेघ होती ती माझी, लिंबासारखी पिवळी. डावीकडच्या नटावर रंग इतका जाड की नटाचे कोपरे बुजलेले. नखाने खरवडलं तर आतून कांद्यासारखे थर सुटायला लागले. लिंबू, वर हळद. खाली परत लिंबू, परत हळद. लिंबू, हळद. मी माळ्यावर तसाच बसून राहिलो आणि खरवडत राहिलो, बराच वेळ. डावीकडचा नट गाडीच्या चौकटीच्या आत येतो, पाना नीट बसत नाही, म्हणून घाईत रोज तोच ढिला राहायचा माझा. आणि रोज मी झोपलेला असताना पहाटे तुम्ही उठून तो आवळायचात, आणि माझ्या खोट्या रेघेवर तुमची खरी रेघ ओढायचात. एक शब्द बोलला नाहीत. रंग पिकत नव्हता अप्पा. आणि तुम्ही तापातही बोलत नव्हता. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तुम्हाला माझा फटफट्याही ऐकू आला होता आणि त्याचा ढिला नटही, आणि तुम्ही फटफट्याबद्दल काही न म्हणता फक्त नटाबद्दल बोललात.

मी डोळे पुसले, हाताला रंगाचा भुगा होता, तो डोळ्यात गेला, आणि मी खाली उतरून नळाखाली डोळे धुवत असताना समोरचा हॉटेलवाला म्हणाला, "वेल्डिंग चालू केलंस का लगेच? गॉगल घालत जा रे, तुझ्या वडिलांसारखा." मी हो म्हणालो. जाताना घरातून दोन बटाटे घेतले. आईने बघितलं. तिने तिसरा काढून पिशवीत टाकला.

कोथरूडला पार्किंगमध्ये गाडी जॅकवर. पाइपाला बाजूने नळी जोडली, तोंड बटाट्यात दाबलं, गज लावला. डिकीवर बशी, डॉक्टरांच्या घरचा चहा. डॉक्टर आत बसून हळूहळू एक्सलेटर देतायत. सेक्रेटरी खुर्ची घेऊन समोर बसले आहेत, मांडीवर कवळीचा ग्लास, कमिटीचे आणखी दोघे मागे उभे. पहिल्यांदा माझा हात घामाने निसटला आणि बटाटा फट्ट करून सुटला तो सरळ 'पार्किंगमध्ये खेळू नये' या पाटीवर जाऊन आपटला. सेक्रेटरींनी पाटीकडे बघितलं, बटाट्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "वाचून तरी आपटायचं." दुसरा बटाटा लावला. गज सरकवतोय, बशीत कडी उमटतायत, ग्लासात कवळी टिकटिक करतेय, आणि माझं डोकं पूर्ण रिकामं. बघून काही कळेना. मग मला आईचं वाक्य आठवलं आणि मी बशीकडे बघणं सोडलं. डोळे मिटले. घूं दाढेत भरलेली. बोटभर मागे, वाढली. पुढे, जरा कमी. आणखी जरा पुढे. आणि एका जागी, कसं सांगू, आई आणि आत्या दोघी एकदम बोलायला लागल्या.

"थांबलं," मी म्हणालो.

"थांबली," त्याच क्षणी सेक्रेटरी ग्लासात बघून म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बशीतला चहा काचेसारखा. मी खडूने खूण केली, तिथे कापली, तळ बंद केला. परत चालवून बघितलं. गाडी पार्किंगमध्ये अशी बोलली, की कुणीतरी भरपूर जेवून खुर्चीत बसलंय. डॉक्टर उतरले आणि माझा हात धरून उभे राहिले. सेक्रेटरी खुर्चीची घडी घालत म्हणाले, "आवाज अजून आहे." मी म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "असू दे. कळलं पाहिजे डॉक्टर आले म्हणून." पुण्यात याला प्रशस्तिपत्र म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. मग बशीतला चहा मी प्यायलो, थंडगार झाला होता. शेवटी टपरीतून आणलेला तुमचा डबा उघडला. रंग वाळून दगड झाला होता, टर्पेंटाइन घालून घोटला. नटांवर रेघा ओढल्या. डावीकडचा दोनदा आवळला.

आता परत इथे शेडमध्ये आहे. आमच्या जुन्या कामांच्या कार्डांच्या पाठीमागे हे लिहितोय, एका कार्डावर मावलं नाही म्हणून सात झाली. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, कारण पाठवायचंच नाहीये. टूलबॉक्सच्या तळाच्या कप्प्यात ठेवीन, पान्यांच्या खाली. निघायच्या दिवशी आईने विचारलं होतं, "चावीचं काय?" मी म्हणालो, सापडत नाहीये, कुठेतरी ठेवली मी. काल तिचा फोन आला. "सापडली का रे चावी?" मी म्हणालो, नाही अजून. ती म्हणाली, "बरं. तिथेच नीट शोध." तिथेच म्हणाली, अप्पा. शारजात शोध म्हणाली. तुम्हा दोघांना माहीत नसलेलं असं मी आजवर काही करू शकलेलो नाही. शेडच्या मालकाला निघतोय म्हणून अजून सांगितलेलं नाही, सोमवारी सांगेन म्हणतोय, गेल्या सोमवारीही म्हणत होतो. पण चावी हरवलेली नाही. माझ्या कामाच्या शर्टाच्या खिशात आहे, डावीकडच्या, आणि खिसा ढिला आहे म्हणून वर सेफ्टी पिन लावली आहे.